बाहेरची दुभाषी

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि बहुधा तिथेच राहिलं. गल्लीत, दुकानात, दवाखान्यात ती बोलकीच. ती फार बडबडी होती अशातला भाग नाही. आई-बाबा दोघेही जन्मापासून कर्णबधिर; त्या घरात तोंडाने बोलणारी ती एकटी, म्हणून बोलकी.

खाली बाबांचं सुतारकामाचं दुकान आणि वर दोन खोल्या. दाराला घंटा नव्हती. बाहेरचं बटण दाबलं की आतला दिवा लुकलुकायचा. कुणाला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा, म्हणजे फळ्या हलायच्या आणि समोरचा मान वर करायचा. आणि भांडणात आपलंच खरं करायचं असेल तर सरळ डोळे मिटून घ्यायचे. एकाने डोळे मिटले की दुसऱ्याचे हात हवेत तसेच राहायचे. या खेळात आईचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा तिने अख्खी दुपार डोळे मिटून काढली होती, आणि बाबा बिचारे तिच्यासमोर स्टूल टाकून बसून राहिले होते.

एवढीशी होती तेव्हापासून बोलकी घरमालकाशी बोलायला उभी राहायची. डॉक्टर म्हणायचे ते आईला सांगायचं, आई म्हणेल ते डॉक्टरांना. त्या वयात कळू नयेत अशा गोष्टी तिला कळल्या, त्या अशाच. आईच्या पोटातलं बाळ आता राहणार नाही, हे आईला सांगणारी तीच होती. डॉक्टर तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले होते, "बाळ, आईला नीट समजावून सांग हं." तिने सांगितलं. तिला कुणी समजावून सांगितलं नाही.

पण तिनेही काही कमी उद्योग केले नव्हते. चौथीत असताना वर्गशिक्षिकेने बाबांना बोलावून घेतलं. बाई म्हणाल्या, "हिचं अभ्यासात लक्ष नाही. दिवसभर खिडकीबाहेर बघत असते." बोलकीने बाबांकडे वळून हात हलवले, "मुलगी फार हुशार आहे, असं बाई म्हणतात." बाबांनी खुशीत बाईंना वाकून नमस्कार केला. बाई चक्रावल्या. पुष्कळ वर्षांनी हा किस्सा तिने बाबांना सांगितला, तेव्हा ते पोट धरून हसले. "मला काय कळलं नव्हतं? हुशार म्हणणाऱ्या बाईचं तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं असतं होय?"

मोठी झाल्यावर तिने तेच काम रीतसर शिकून घेतलं. कोर्ट, बँक, इस्पितळ, जिथे बहिऱ्या माणसाला बोलायचं असेल तिथे तिला बोलावणं यायचं. या कामाचे नियम मोजकेच, पण कडक. आपल्या पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही. समोरचा हातांनी 'मी' म्हणाला की आपणही तोंडाने 'मी'च म्हणायचं. आणि खोलीत जे बोललं गेलं ते खोलीतच ठेवून बाहेर पडायचं. या शेवटच्या नियमामुळे तिला मैत्रिणी कमी होत्या आणि लग्नाच्या भानगडीत ती पडलीच नाही. "तुझ्या पोटात अर्ध्या शहराचं सामान आहे," आई म्हणायची, "आणखी एका माणसाचं कुठे ठेवशील?"

बाबा शहराबाहेरच्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत वाढलेले. भाषा तिथे मिळाली, हातात रंधा तिथे आला, जिवाभावाचे मित्र तिथले. दुकानात एकच फोटो, जुन्या मुख्याध्यापकांचा. दरवर्षी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरायचा आणि बाबा त्याच्या आधी आठवडाभर शर्ट इस्त्रीला द्यायचे. आई मात्र कधी कुठल्या शाळेत गेली नव्हती. तिला खुणांची भाषा आली ती लग्नानंतर, बाबांकडून. "बायको शोधायची आणि तिला आधी बोलायला शिकवायचं," बाबा म्हणायचे, "आणि मग आयुष्यभर पस्तावायचं."

त्याच शाळेसाठी एक दिवस बालहक्क आयोगातून फोन आला.

आयोगाच्या अध्यक्षबाई पूर्वी न्यायाधीश होत्या. बुटक्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या, पर्समध्ये सतत काहीतरी शोधणाऱ्या. त्यांनी बोलकीला आपल्या कार्यालयात बोलावलं. टेबलावर एक पाय मोडलेला पंखा होता आणि कोपऱ्यात न उघडलेली खोकी.

"एका आईची तक्रार आली आहे," बाई म्हणाल्या. "तिचा मुलगा सुट्टीला घरी आला. घरातला दिवा मालवला की अंगात आल्यासारखा किंचाळतो. हात पाठीमागे लपवून बसतो. आईला खुणा येत नाहीत, मुलाला लिहिता येत नाही. मी शाळा चालवणाऱ्या खात्याला विचारलं, तर ते म्हणतात, शाळेची दरवर्षी तपासणी होते आणि दरवर्षी शेरा 'उत्तम'. मी विचारलं, मुलांशी बोलता का? म्हणे, बोलतो की. कोणामार्फत? तर वसतिगृहाच्या अधीक्षकांमार्फत."

 बोलकीला चौथीतल्या वर्गशिक्षिकेचं चक्रावलेलं तोंड आठवलं.

"शाळा सरकारची, तपासणारे सरकारचे, आणि मुलांचं म्हणणं सांगणारा ज्याची तपासणी करायची तोच," बाई म्हणाल्या. "आयोगही सरकारनेच नेमलाय म्हणा, पण आम्हाला हवं तेव्हा आत जाता येतं, आणि आम्ही काय लिहावं हे खातं सांगू शकत नाही. मला बाहेरची दुभाषी हवी आहे. याल?"

"माझे बाबा त्याच शाळेत शिकले," बोलकीने सांगून टाकलं. "अजूनही त्यांचा जीव आहे शाळेवर."

बाईंनी भिंगांमधून तिच्याकडे रोखून पाहिलं. "मग तुम्हाला जमणार नाही?"

"जमेल. पण तुम्हाला माहीत असावं."

घरी तिने फक्त एवढंच सांगितलं की उद्या बाहेरगावचं काम आहे.

आयोगाची गाडी कुणाला न कळवता शाळेच्या फाटकाशी थांबली. अधीक्षक धावतच बाहेर आले. गोरटेले, हसतमुख, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. बोलकीला पाहून त्यांनी झटक्यात खुणांनीच विचारलं, "सुतारांची मुलगी ना तुम्ही?" हात सफाईदार होते. मग तोंडाने म्हणाले, "ताई, तुम्ही तर घरच्याच. उगीच कशाला त्रास घेतला? मुलांचं मी सांगितलं असतं. लहान मुलांच्या खुणा अर्धवट असतात, बाहेरच्याला नीट कळत नाहीत."

"न कळल्यास मी मुलांना पुन्हा विचारेन," बोलकी म्हणाली.

"आम्ही मुलांशी एकांतात बोलणार आहोत," आयोगाच्या बाई म्हणाल्या. "कायद्याने तसं करता येतं. तुम्ही बाहेर थांबा."

"अवश्य, अवश्य," अधीक्षक म्हणाले आणि शिवणाच्या वर्गाचं दार स्वतः उघडून दिलं.

आत शिलाई मशीन भिंतीला सरकवून ठेवलेली होती. बाईंनी आपला फोन टेबलावर टेकवून चित्रीकरण सुरू केलं. मुलं तीन-चारच्या गटाने आली. काय विचारलं तरी उत्तर एकच: छान. जेवण छान. झोप छान. सर छान. सगळ्यांचे हात एकाच चालीत हलत होते, पाढे म्हणावेत तसे. बोलकी म्हणत राहिली, "छान. छान. सर छान." बाईंचं पेन थबकलं.

तेवढ्यात बोलकीच्या लक्षात आलं की मुलं तिच्याकडे बघत नाहीत, तिच्या खांद्यावरून मागे बघताहेत. ती वळली. दाराला मोठी काच होती आणि काचेपलीकडे अधीक्षक हाताची घडी घालून, तसेच हसत उभे होते.

तिचं तिलाच हसू आलं आणि रागही. इतकी वर्षं हे काम करून आधी दार कसं पाहिलं नाही? "बाई," ती हळूच म्हणाली, "दार लावलंय, पण त्यांना सगळं कळतंय. त्यांना खुणा येतात. ही काच म्हणजे उघडं दारच आहे."

बाईंनी मागे पाहिलं, पर्समधून घडी घातलेलं वर्तमानपत्र काढलं आणि शिवणाच्या टेबलावरच्या टाचण्यांनी ते काचेवरच्या लाकडी पट्टीला टोचून टाकलं. पलीकडचं हसू झाकलं गेलं.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग सगळ्यांत मागे उभी असलेली एक मुलगी पुढे आली. बारा-तेरा वर्षांची असेल. एकमेकांना हाक मारायला या मुलांची खुणांची नावं असतात. हिचं नाव हवेत वेणी पिळल्यासारखी खूण. म्हणून आपणही तिला वेणीच म्हणू. तिने आधी काचेकडे पाहिलं, मग बोलकीकडे, आणि मुठीतली किल्ली फिरवावी तसा मनगटाला पीळ दिला.

बोलकीला ही खूण ठाऊक नव्हती. "म्हणजे काय?" तिने विचारलं.

"त्याचं नाव," वेणीने काचेकडे बोट दाखवलं. "कुलूप."

मग ती बोलू लागली आणि बोलकी तिच्यामागोमाग, तिचाच 'मी' घेऊन, बोलत गेली.

"जिन्याखाली खोली आहे. गाद्या ठेवतात तिथे. दिवा काढून घेतलाय. मी म्हटलं, जेवणात किडे आहेत. कुलूप म्हणाला, तुझे हात फार चालतात. त्याने माझे हात टॉवेलने बांधले. दोरीने नाही, दोरीचा वळ उठतो. मग मला आत ठेवलं. तिथे दिसत नाही. ऐकू तर येतच नाही. हात बांधलेले. तिथे मी कुठेच नसते. मी रात्रभर तिथे होते. लहान मुलं तिथे गादी ओली करतात, मग त्याची वेगळी शिक्षा होते."

बोलकीचा आवाज कुठेही कापला नाही. तशी सवयच होती. 

आयोगाच्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "तपासणीला साहेब येतात दरवर्षी. त्यांना का नाही सांगितलंस?"

बोलकीने विचारलं. वेणीने अशा नजरेने पाहिलं, जणू काय हा प्रश्न!

"सांगितलं ना," बोलकी तिच्या वतीने म्हणाली. "मागच्या वेळी मी साहेबांना सगळं सांगितलं. कुलूप शेजारी उभा होता, त्याने तोंडाने साहेबांना काहीतरी सांगितलं. साहेब हसले. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि मला बिस्किटाचा पुडा दिला."

जिन्याखालची खोली बाईंनी त्याच दिवशी उघडायला लावली. गाद्या होत्या. दिव्याच्या जागी नुसती वायर लोंबत होती. अधीक्षक म्हणाले, "सामानाच्या खोलीला दिवा कशाला?" आणि हसले. पण परत जाताना बोलकीच्या जवळ येऊन ते खुणांनी एवढंच म्हणाले, "तुमच्या बाबांना काय वाटेल, याचा विचार केलात?"

बाबांना काय वाटलं ते लवकरच कळलं. बहिऱ्यांचं जग लहान असतं आणि बातमीला तिथे पाय नाहीत, पंख असतात. सुतारांची मुलगी आयोगाच्या गाडीतून शाळेत गेली होती, हे बाबांना दुकानात येणाऱ्या मित्राने सांगितलं. बाबा जिना चढून वर आले आणि त्यांनी जमिनीवर इतक्या जोरात पाय आपटला की फडताळातली भांडी वाजली. ती फक्त बोलकीलाच ऐकू आली.

"शाळेत कशाला गेली होतीस?"

"काम होतं."

"काय सांगितलं मुलांनी?"

"बाबा, ते मी सांगू शकत नाही."

"माझ्या शाळेबद्दल? मला?"

"कोणालाच नाही."

बाबांचे हात भराभर चालू लागले. खातं निमित्तच शोधतंय, शाळेची जमीन मोक्याची आहे, शाळा बंद पडली तर बहिरी पोरं कुठे जातील, ऐकू येणाऱ्यांना काय त्याचं. "ऐकू येणारी तू पण," ते शेवटी म्हणाले. आजवर तिला घरात असं कुणी म्हटलं नव्हतं. ती उत्तर द्यायला हात उचलते तोच बाबांनी डोळे मिटून घेतले.

पुढचे काही आठवडे ती खाली दुकानात गेली की बाबा लाकडाकडे बघत काम करत राहायचे. आई दोघांना वेगवेगळं जेवायला वाढायची आणि दोघांकडेही वैतागून बघायची.

सुनावणी आयोगाच्या छोट्या दालनात झाली. अधीक्षकांनी वकील दिला होता. वकिलाचं म्हणणं साधं होतं: मुलांनी असं काही सांगितलंच नाही, हे सगळं दुभाषीच्या मनाचं. सुदैवाने बाईंनी मुलांच्या बोलण्याचं चित्रीकरण करून ठेवलं होतं. दुसऱ्या शहरातून एक अनुभवी दुभाषी बोलावला गेला. त्याने पडद्यावर वेणीचे हात पाहत सगळं पुन्हा सांगितलं. शब्द इकडे-तिकडे, पण तेच. एकाच जागी तो अडखळला. "इथे आधीच्या दुभाषी 'रात्रभर' म्हणाल्यात. मी 'अंधार संपेपर्यंत' म्हणेन."

वकील ताडकन उठला. "बघा! रात्रभर म्हणजे एक गोष्ट आणि अंधार संपेपर्यंत म्हणजे दुसरी. दिव्याविना खोलीत अंधार तर दुपारीही असतो. मुलगी दहा मिनिटं असेल आत!"

आयोगाच्या बाईंनी पेन उचललं. मग म्हणाल्या, "हात बांधून दहा मिनिटं. बरं. हे मी तुमचं म्हणणं म्हणून लिहून घेऊ?"

वकील खाली बसला. पण बोलकीला तो शब्द खात राहिला. अंधार संपेपर्यंत. मूल खरोखर तेच म्हणालं होतं. तिने आपल्या समजुतीने त्याला रात्र करून टाकलं होतं.

आयोगाने निकाल दिला. आयोगाला कुणाला नोकरीवरून काढता येत नाही, शिक्षा देता येत नाही. तो फक्त शिफारस करतो आणि सरकारने काय केलं याचा जाब मागतो. शिफारस अशी होती: अधीक्षकाला तात्काळ हटवा, पोलिसांत तक्रार करा, आणि यापुढे बाहेरच्या दुभाषीशिवाय झालेली तपासणी ग्राह्य धरू नका. निकाल मुलांची नावं वगळून सर्वांसाठी खुला झाला आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आला.

सरकारने त्यावर कधी नव्हे ती तातडी दाखवली. वसतिगृहच बंद केलं. पालकांना निरोप गेले, मुलांच्या पेट्या बाहेर काढल्या आणि पुढील आदेश येईपर्यंत मुलं घरी. अधीक्षकांची खात्याच्या कार्यालयात बदली झाली. त्यांना तिथे टेबल मिळालं, पंखाही मिळाला.

आयोगाच्या बाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज चिरका झाला होता. "मी त्याला काढा म्हटलं होतं! मुलांना कुठे काढायला सांगितलं होतं?"

शाळा बंद झाल्याचं कळलं तेव्हा बाबा दुकान अर्ध्यावर टाकून वर आले. हातात वर्तमानपत्र होतं. ते जमिनीवर बसले आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचू लागले. छापील भाषा त्यांना कधीच धावती आली नव्हती. आईने पाय आपटला. "काय लिहिलंय?" बाबांनी लक्ष दिलं नाही. तिने पुन्हा आपटला. तेव्हा त्यांनी कागद खाली ठेवला.

"पोरांचे हात बांधायचे, म्हणून लिहिलंय."

आई बघतच राहिली. "हात?"

"त्यात काय," बाबा म्हणाले. "आमचेही बांधायचे."

बोलकी दारातच उभी होती. तिला वाटलं, आपण चुकीचं वाचलं. आईलाही तसंच वाटलं असावं, कारण तिने पुन्हा सांगायची खूण केली.

"आमचेही बांधायचे," बाबांनी हात सावकाश हलवले. "वर्गात. पाठीमागे, पट्ट्याने. हातांनी बोलायची सवय लागू नये, तोंडाने बोलायला शिकावं म्हणून. रात्री झोपायच्या खोलीत आम्ही चोरून बोलायचो. सगळ्यांचेच बांधायचे. ते शिकवणं होतं."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगण्यासारखं काय आहे त्यात?"

"आणि तोंडाने बोलायला आलं?"

बाबांनी मान हलवली. नाही.

 आई म्हणाली, "माझे हात कुणी बांधले नाहीत. शाळाच नव्हती, बांधणार कोण? मी म्हणायचे, मी कमनशिबी." तिने जिन्याखाली दुकानाच्या दिशेने बोट दाखवलं. "मग त्या माणसाचा फोटो कशाला लावलास?"

"त्यानेच मला रंधा धरायला शिकवलं," बाबा म्हणाले. "त्यानेच पहिली नोकरी लावून दिली. ताप आला तेव्हा माझ्या उशाशी तोच बसला होता." आणि त्यांचे हात एकदम मांडीवर पडले, थकल्यासारखे.  बोलकी त्यांच्याजवळ जाऊन बसली. बाबांनी डोळे मिटले नाहीत, पण तिच्याकडे पाहिलंही नाही.

फोटो त्यांनी उतरवला नाही. मेळाव्याला मात्र त्या वर्षी गेले नाहीत.

घरी पाठवलेल्या मुलांचं काय चाललंय ते पाहायला आयोगाच्या बाई स्वतः निघाल्या. खात्याच्या कागदावर सगळी मुलं 'पालकांकडे सुखरूप' होती. वेणीला आई-वडील नव्हते. मामा-मामींचं किराणा दुकान होतं आणि वेणी त्याच्या मागच्या खोलीत साबणाच्या वड्या खोक्यात रचत बसली होती. मामा भला माणूस. लगबगीने खुर्च्या पुसल्या. "गुणी पोर आहे," तो म्हणाला. "काही त्रास नाही. बोट दाखवलं की कळतं तिला."

"तुम्हाला तिच्या खुणा येतात?" बाईंनी विचारलं.

"आम्हाला कुठल्या यायला? जेवायची येते, झोपायची येते." तो ओशाळला. "दुकान सोडून शिकायला जायचं कुठे? आणि शिकवतंय कोण?"

वेणीने बोलकीला ओळखलं.  बरेच दिवस वापर नसल्यासारखे तिचे हात जड चालत होते.

"तूच ना ती?"

आणि बोलकीला, नियमाप्रमाणे, तिचं सगळं बाईंना मोठ्याने सांगावं लागलं. "तूच ना ती? मी तुला सांगितलं, म्हणून मला शाळेतून काढलं. माझ्या मैत्रिणी सगळ्या गेल्या. इथे कुलूप नाही. मामी चांगली आहे. पण इथे कोणीच बोलत नाही. सकाळपासून झोपेपर्यंत कोणीच नाही. मी सांगितलं म्हणून मला शिक्षा झाली."

"शिक्षा तुला नव्हती, बेटा," आयोगाच्या बाई घाईने म्हणाल्या.

बोलकीने ते खुणांनी सांगितलं. वेणीने विचारलं, "मग कुलपाला घरी का नाही पाठवलं?"

बोलकीने तो प्रश्न जसाच्या तसा तोंडाने विचारला. बाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. बोलकीला स्वतःच्या वतीने वेणीला काही सांगायचं होतं, निदान माफी तरी मागायची होती. पण त्या खोलीत तिच्या हातांवर दुसऱ्यांची मालकी होती.  निघताना मामाच्या मुलाने गंमत म्हणून वेणीच्या खुणांची नक्कल केली आणि मामीने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

परतीच्या वाटेवर बाई गाडीत एकदाच बोलल्या. "मी दार उघडलं आणि पोरं रस्त्यावर आली."

मग मात्र त्या हट्टाला पेटल्या. सरकारला उत्तर मागत राहिल्या; उत्तर 'विचाराधीन' आलं की पुन्हा मागितलं. ज्या मुलाच्या आईने पहिली तक्रार केली होती, तिने आणि आणखी काही पालकांनी कोर्टात धाव घेतली, आणि आयोग त्यांच्या बाजूने उभा राहिला. मुलांना सांभाळणं हे सरकारचं काम आहे, नीट सांभाळता आलं नाही म्हणून ते काम सोडून देता येत नाही, असं कोर्टाने खडसावलं, तेव्हा कुठे वसतिगृह पुन्हा उघडलं. तोवर मुलांचं अर्धं वर्ष बुडालं होतं. काही मुलं परत आलीच नाहीत. एकाला कुठेतरी विटांच्या कामाला लावलं होतं, एका मुलीचा पत्ताच बदलला होता. जुन्या अधीक्षकांवरचा खटला तारखांमागून तारखा खात अजून चालूच आहे.

नव्या अधीक्षक तरुण होत्या, घाबरलेल्या होत्या, आणि खुणा त्यांना जेमतेम येत होत्या. "मी चुकले तर मुलंच माझे हात धरून दुरुस्त करतात," त्या म्हणाल्या. आयोगाच्या भेटींसाठी एक पथक नेमलं गेलं. त्यात एक बहिरी शिंपीणही होती, याच शाळेतली. बाबांना विचारलं होतं. ते नाही म्हणाले. "मला आत गेल्यावर काय दिसेल, सांगता येत नाही," एवढंच त्यांनी बोलकीला सांगितलं. त्या दोघांचं पुन्हा बोलणं सुरू झालं होतं, पण शाळेचा विषय निघाला की दोघेही इकडेतिकडे बघायचे.

पहिल्या अचानक भेटीला बोलकी पथकाबरोबर गेली. शिवणाच्या वर्गाच्या काचेवर आता आतून पडदा होता. वेणी परत आली होती. ती एकटीच आत आली, पडदा नीट ओढला आहे का ते बोटांनी चाचपून पाहिलं, आणि भिंतीशी असलेल्या मशीनच्या स्टुलावर बसली. ती उंच झाली होती. वेणी कापून केस आखूड केले होते, पण नाव तेच राहिलं होतं.

बाईंनी विचारलं, "आता कसं आहे इथे?"

 वेणीचे हात हलले आणि बोलकीने अक्षरही इकडचं तिकडे न करता म्हटलं, "मला अजून माहीत नाही."

"भीती वाटते?"

"नव्या बाईंची नाही. त्या गेल्यावर कोण येईल, त्याची वाटते."

बाईंनी मान डोलावली. खोटा धीर देणं त्यांनी आता सोडून दिलं होतं. "म्हणून आम्ही पुन्हा येणार," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"ते सांगणार नाही. सांगून आलो तर काय उपयोग?"

वेणीने त्यावर विचार केला आणि तिला ते पटलेलं दिसलं. मग तिने बोलकीकडे बोट केलं. "हीच येणार?"

बोलकीने स्वतःबद्दलचा प्रश्न बाईंना ऐकवला. आयोगाची नेमणूक ठरावीक वर्षांची असते. पुढच्या वेळी या खुर्चीत बाई असतील की नाही, हेच ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, "वचन देता येणार नाही. पण जी कोणी येईल ती बाहेरची असेल, एवढं आता कोर्टाच्या आदेशात आहे."

वेणीने खांदे उडवले. तिने विश्वास ठेवला की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मग ती स्टुलावरून थोडी पुढे सरकली आणि म्हणाली, "ठीक आहे. मग आज जेवढं आहे तेवढं सांगते. ती लहान मुलगी आहे ना, नवीन आलेली? तिला अजून एकही खूण येत नाही, कुणी काही केलं तरी तिला सांगता यायचं नाही. तिच्याशी आधी बोला."